करार पाच वर्षांचा, हमी किती वर्षांची?

२७ मार्च २०२३. अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, संघमालकांची वार्षिक बैठक भरली होती. बाल्टिमोर रेव्हन्सचे मुख्य प्रशिक्षक जॉन हार्बॉ पत्रकारांशी बोलायला बसले आणि नेमक्या त्याच वेळी त्यांचा सर्वांत मोठा तारा, क्वार्टरबॅक लमार जॅक्सन याने ट्विटरवर चाहत्यांना उद्देशून पत्र टाकलं. मला दुसऱ्या संघात पाठवा, अशी मागणी मी २ मार्चलाच केली आहे, कारण माझी किंमत मोजायची रेव्हन्सची तयारी दिसत नाही, असा त्याचा आशय. समोरच्या पत्रकारांचे फोन एकदम वाजले. हार्बॉ म्हणाले, मी अजून ते वाचलेलं नाही. पुढच्या हंगामाची आखणी मात्र आपण लमारला धरूनच करतोय, हेही त्यांनी सांगून टाकलं.

वर्षाला तीन-चार कोटी डॉलर मिळू शकणारा माणूस रुसला, यात सहानुभूती वाटण्यासारखं काय आहे? पहिल्यांदा ऐकताना मलाही असंच वाटतं. पण या भांडणांच्या कागदपत्रांत थोडं खोल गेलं की लक्षात येतं, वाद रकमेच्या मोठेपणाचा क्वचितच असतो. खेळाडूचा गुडघा उद्या गेला तर नुकसान कोणी सोसायचं, यावरून सगळं पेटलेलं असतं.

आधी क्वार्टरबॅक म्हणजे कोण, ते पाहू. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू पहिल्यांदा त्याच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे चार-पाच गडी त्याला लोळवायला धावत असतात आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं, की फेकायचा कुणाकडे, द्यायचा कुणाला की स्वतःच पळायचं. संघात ५३ खेळाडू असतात, पण हा एक बिघडला की बाकीच्या ५२ जणांचं वर्ष वाया जातं. क्रिकेटमध्ये याला जोड नाही. कर्णधार, सलामीवीर आणि शेवटच्या षटकातला गोलंदाज हे तिन्ही एकाच माणसात असल्याची कल्पना करा. लीगमध्ये संघ ३२, आणि भरवशाचे क्वार्टरबॅक कुठल्याही वर्षी बोटांवर मोजावे इतके. तुटवडा एवढा असेल तर विकणाऱ्याने भाव ठरवायला हवा. पण इथे विकणाऱ्याचे हात बऱ्याच अंशी बांधलेले असतात.

बांधणी सुरू होते ती ड्राफ्टपासून. कॉलेजातून बाहेर पडलेला खेळाडू आपला संघ स्वतः निवडत नाही, संघ त्याला निवडतो. पहिल्या फेरीत निवड झाली की चार वर्षांचा करार, रक्कम साधारण ठरलेली, आणि पाचव्या वर्षीही त्याला ठेवायचं की नाही हे ठरवायचा हक्क संघाचा. पहिली तीन वर्षं पुरी होईपर्यंत करार बदलून मागायचीही सोय नाही. पाच वर्षं संपली, आता सुटलो, असं खेळाडूला वाटत असतानाच संघाच्या हातात आणखी एक हत्यार येतं. त्याचं नाव फ्रँचाइझ टॅग.

टॅग म्हणजे खेळाडूच्या मोकळं होण्यावर संघाने एका वर्षापुरता लावलेला अडसर. त्या जागी खेळणाऱ्या सर्वांत महागड्या खेळाडूंच्या आकड्यांवरून रक्कम ठरते. ती भरभक्कम असते, पण एकाच वर्षाची. पुढच्या वर्षी पुन्हा टॅग लावायचा तर २० टक्के वाढ द्यावी लागते, आणि तिसऱ्यांदा लावायचा तर ४४ टक्के. टॅगच्या प्रचलित प्रकारात दुसरा संघ त्या खेळाडूला देकार देऊ शकतो. मूळ संघाने त्या देकाराची बरोबरी केली तर खेळाडू राहिला, नाही केली तर मूळ संघाला त्या दुसऱ्या संघाच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी भरपाई म्हणून मिळतात. आयपीएलच्या लिलावातलं राइट टू मॅच कार्ड ज्यांना माहीत आहे, त्यांना हे चटकन कळेल.

आता हमीकडे येऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘पाच वर्षं, २५ कोटी डॉलर’. बेसबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये असा आकडा वाचला तर तो जवळजवळ पूर्ण मिळणार असं धरून चालायला हरकत नसते. एनएफएलमध्ये तसं नाही. संघ खेळाडूला तिसऱ्या वर्षी घरी पाठवू शकतो, आणि मग त्याला मिळतात ते फक्त हमी दिलेले पैसे. म्हणजे करार खेळाडूला पाच वर्षं बांधतो आणि संघाला जेमतेम दोन-तीन. हा एकतर्फीपणा काही आभाळातून पडला नाही. १९८७ मध्ये खेळाडूंनी संप केला, तेव्हा मालकांनी बदली खेळाडू आणून तीन आठवडे सामने खेळवले आणि संप मोडून काढला. ज्या खेळात माणूस एका धडकेत कायमचा जायबंदी होऊ शकतो, त्याच खेळातल्या कामगार संघटनेचं वजन तुलनेने कमी, ही उलटी गोष्ट आजही सुटलेली नाही.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. भविष्यातल्या वर्षांची हमी दिली की त्यातली बरीचशी रक्कम आजच वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, असा लीगचा जुना नियम आहे. एखादा संघ बुडाला तर खेळाडूचे पैसे बुडू नयेत, हा त्यामागचा हेतू. आता टीव्हीच्या कमाईवर पोसलेला कुठला संघ बुडणार आहे? पण नियम राहिला, आणि ‘एवढी रोकड अडकवून ठेवणं परवडत नाही’ हे सांगायला मालकांना कारणही राहिलं. दुसरी अडचण सॅलरी कॅपची. १९९४ मध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा आली. २०२३ मध्ये ती २२.४८ कोटी डॉलर होती. एकट्या क्वार्टरबॅकने त्यातला पाचवा हिस्सा घेतला तर उरलेल्या ५२ जणांना भागवायचं कशात?

ही पार्श्वभूमी घेऊन पुन्हा लमारकडे येऊ. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा, ३२ वा क्रमांक त्याला मिळाला. याला क्वार्टरबॅक नको, दुसऱ्या जागी खेळवा, असं म्हणणारे जाणकार तेव्हा होते. २०१९ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही एकमताने. गंमत म्हणजे त्याने एजंट ठेवलाच नाही. जास्तीत जास्त तीन टक्के दलाली वाचते हे खरं, पण बोलणी तो स्वतः करायचा आणि व्यवहार आई बघायची. वाटाघाटीच्या टेबलावर समोर आयुष्यभर हेच काम केलेले लोक बसलेले असताना हा धीर की अविचार, यावर बाल्टिमोरमध्ये दोन वर्षं काथ्याकूट चालला होता.

त्याला काय हवं होतं, हे समजायला शेजारच्या क्लीव्हलँडकडे पाहावं लागतं. मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने डेशॉन वॉटसनला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलर दिले, आणि पैन् पै हमीची. वॉटसन आधी ह्यूस्टनला होता, तिथल्या व्यवस्थापनाशी त्याचं फाटलं होतं. त्यातच अनेक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. पुढे लीगने त्याला ११ सामन्यांसाठी निलंबित करून ५० लाख डॉलर दंडही केला. अशा माणसाला पूर्ण हमी मिळते, तर मला का नाही, हा लमारचा प्रश्न अगदी साधा होता. पण बाकी मालकांना तो परवडणारा नव्हता. एकाला दिली की ती वहिवाट होणार, आणि एकदा पडलेली वहिवाट मोडता येत नाही.

त्यात २०२१ आणि २०२२ ही दोन्ही वर्षं दुखापतींमुळे लमार हंगामाच्या शेवटी बाहेर बसला होता. संघाला वाटलं, हमी द्यायला हाच धोका आडवा येतो. त्याला वाटलं, हमी मागायला हेच कारण पुरेसं आहे. एकाच गुडघ्याकडे पाहून दोघांनी उलटे निष्कर्ष काढले आणि दोघांचंही चूक नव्हतं.

मार्च २०२३ मध्ये रेव्हन्सने टॅग लावला, एका वर्षाचे ३.२४ कोटी डॉलर. आता कुणीही देकार देऊ शकत होतं. २६ वर्षांचा, सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवलेला क्वार्टरबॅक, किंमत पगार अधिक दोन निवडी. अटलांटासारख्या, क्वार्टरबॅकची चणचण असलेल्या अनेक संघांना ‘यात रस नाही’, अशा बातम्या त्याच दिवशी आल्या. देकार एकही आला नाही. बाजारात उत्तम माल उतरला आणि एकाही गिऱ्हाइकाने भाव विचारला नाही, तर बाजारात बसलेला माणूस काय समजेल?

शेवटी एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाने आपला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सशी २५.५ कोटींचा करार केला. त्यानंतर दहा दिवसांनी, ऐन ड्राफ्टच्या दिवशी, लमार २६ कोटींच्या करारावर राजी झाला. त्यातले १८.५ कोटी हमीचे. तेव्हाचा सर्वांत मोठा वार्षिक आकडा, पण पूर्ण हमी नाहीच. त्याच हंगामात तो दुसऱ्यांदा सर्वोत्तम ठरला.

शेपूट मात्र अजून बाकी होतं. खेळाडूंच्या संघटनेने लीगवर संगनमताची तक्रार केली होती, की हमीचे करार द्यायचे नाहीत असं मालकांनी आपसात ठरवलं. लवादाचा निकाल जानेवारी २०२५ मध्ये लागला. संगनमत सिद्ध होण्याइतका पुरावा नाही, पण मार्च २०२२ च्या बैठकीत हमी कमी करा असं लीगने संघांना सुचवलं याबद्दल शंका नाही, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे सांगितलं होतं, पण त्यांनी ते ऐकून तसं केलं हे सिद्ध झालं नाही. त्याहून चमत्कारिक भाग असा, की ६१ पानांचा हा निकाल लीगने दडवला आणि खेळाडूंच्या संघटनेनेही तो खेळाडूंपासून दडवला. जूनमध्ये एका पत्रकाराने तो उघड केला. खेळाडूंची बाजू मांडणाऱ्यांनीच ही फाइल दाबून का ठेवली, याचं धड उत्तर मला तरी कुठे सापडलं नाही.

त्या तक्रारीत लमारबरोबर आणखी दोन क्वार्टरबॅकची नावं होती, रसेल विल्सन आणि कायलर मरी. मरीचं प्रकरण थोडक्यात. अॅरिझोनाने जुलै २०२२ मध्ये त्याला २३ कोटींचा करार दिला आणि त्यात एक कलम घातलं, की आठवड्याला चार तास घरी स्वतंत्र अभ्यास करायचा, त्या वेळात व्हिडिओ गेम किंवा टीव्ही चालणार नाही. कलम बाहेर फुटलं, सगळीकडे हसू झालं आणि काही दिवसांत संघाने ते काढून टाकलं. ज्याच्यावर २३ कोटी लावले त्याच्यावर गृहपाठापुरता विश्वास नाही, हे जगजाहीर मात्र झालं.

विल्सनची गोष्ट थोडी सावकाश सांगावी लागेल. हमी म्हणजे नेमकं काय, हे तिच्याइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. सिअॅटलहून त्याला डेन्व्हर ब्रॉन्कोसने मार्च २०२२ मध्ये आणलं, पहिल्या फेरीच्या दोन निवडी, दुसऱ्या फेरीच्या दोन आणि वर तीन खेळाडू मोजून. डेन्व्हरसाठी एकही सामना खेळायच्या आधी त्याला पाच वर्षांचा साधारण २४.५ कोटींचा नवा करारही दिला. पहिला हंगाम पार बुडाला. दुसऱ्या वर्षी शॉन पेटन नवे प्रशिक्षक आले.

करारात एक अट होती. २०२५ सालचे ३.७ कोटी डॉलर मार्च २०२४ मध्ये पक्के व्हायचे होते. पण त्याआधी विल्सन जायबंदी झाला आणि वैद्यकीय तपासणीत नापास झाला, तर ते तसेही द्यावेच लागणार होते. म्हणजे मैदानावर उतरलेला विल्सन डेन्व्हरसाठी दर चालीला ३.७ कोटींची जोखीम होता. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ब्रॉन्कोसने गतविजेत्या कॅन्सस सिटीला हरवलं. त्यानंतरच्या सुट्टीच्या आठवड्यात संघाकडून आपल्याला निरोप आला, की दुखापतीच्या हमीची तारीख पुढे ढकल, नाहीतर उरलेला हंगाम बाकावर बसावं लागेल, असं विल्सनने पुढे पत्रकारांना सांगितलं. त्याने नकार दिला. संघ जिंकत होता तोवर तो खेळत राहिला. डिसेंबरच्या शेवटी दोन सामने उरले असताना त्याला खरंच बसवलं. पेटन यांनी कारण खेळाचं दिलं. मार्चमध्ये त्याला सोडून दिलं.

पुढचा हिशेब वाचताना गंमत वाटते. २०२४ चा ३.९ कोटींचा पगार हमीचा होता, तो डेन्व्हरला द्यायचाच होता. दुसऱ्या संघाने जेवढं दिलं, तेवढं त्यातून वजा होणार. मग दुसऱ्या संघाने जास्त द्यावंच कशाला? पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला नियमाप्रमाणे किमान पगारावर घेतलं, १२ लाख १० हजार डॉलर. उरलेले पावणेचार कोटींहून जास्त डेन्व्हरच्या खिशातून. सप्टेंबर २०२४ मध्ये पिट्सबर्गचा संघ डेन्व्हरमध्ये खेळायला आला. विल्सन पोटरीच्या दुखापतीमुळे खेळला नाही, पण समोरच्या संघात उभ्या असलेल्या त्या माणसाचा पगार यजमान देत होते. पिट्सबर्ग १३-६ जिंकलं.

इथे ‘मृत पैसा’ ही संज्ञा कामाला येते. समजा खेळाडूला सही करताना पाच कोटी रोख दिले. हिशेबात ते पाच वर्षांत एकेक कोटी करून मांडता येतात, म्हणून संघ असे बोनस हौसेने देतात. पण दोन वर्षांनी त्याला काढलं तर उरलेले तीन कोटी एकदम अंगावर येतात. माणूस गेला तरी त्याच्या नावाचा खर्च मर्यादेत बसून राहतो. विल्सनच्या बाबतीत हा आकडा दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलर होता, लीगच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा. एवढं करून डेन्व्हरने २०२४ मध्ये बो निक्स हा नवखा, स्वस्त क्वार्टरबॅक ड्राफ्ट केला आणि बाद फेरी गाठली. मालकांनी यातून काय धडा घेतला असेल, ते वेगळं सांगायला नको.

सगळीच भांडणं पैशाची नसतात. ग्रीन बे पॅकर्सचं भांडण मानाचं होतं, म्हणून जास्त चिवट. जेमतेम लाखभर वस्तीचं हे विस्कॉन्सिनमधलं गाव, आणि संघाचे पाच लाखांहून जास्त भागधारक. लाभांश मिळत नाही, तरी लोक शेअर भिंतीवर फ्रेम करून लावतात. २००५ मध्ये क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह हा तिथला देव असताना संघाने त्याच जागेसाठी एरन रॉजर्सला ड्राफ्ट केलं. तीन वर्षं तो बाकावर बसला. मार्च २००८ मध्ये फार्व्हने डोळ्यांत पाणी आणून निवृत्ती जाहीर केली, उन्हाळ्यात मन बदललं आणि परत येतो म्हणाला. संघ म्हणाला, आता नको. त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं.

बारा वर्षांनी तोच डाव रॉजर्सवर आला. २०२० च्या ड्राफ्टमध्ये संघ एक निवड जास्त खर्चून ३० वरून २६ व्या क्रमांकावर चढला आणि घेतला कोणाला, तर क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह. रॉजर्सला आधी सांगितलंही नाही. त्याने उत्तर मैदानात दिलं, २०२० आणि २०२१ असा लागोपाठ दोनदा सर्वोत्तम खेळाडू होऊन. एप्रिल २०२१ मध्ये, ड्राफ्टच्याच दिवशी, त्याला परत यायचं नाही अशी बातमी फुटली. जुलैत तो आला तेव्हा पत्रकारांसमोर त्याने मन मोकळं केलं. संघाने न विचारता सोडलेल्या जुन्या सहकाऱ्यांची नावं एकेक करून घेतली. माझ्या कामावर परिणाम करणाऱ्या निर्णयांत मला विचारा, एवढंच मागतोय, म्हणाला. ग्रीन बे हे काही सुट्टी घालवायचं ठिकाण नाही, खेळाडू इथे माझ्याबरोबर खेळायला येतात, असंही. उद्धट वाटतं, पण खोटं नव्हतं. संघाने त्याचा जुना मित्र रँडल कॉब याला परत आणलं आणि करारातलं एक वर्ष कापलं.

तडजोड दोन हंगाम टिकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुढचा निर्णय घ्यायला रॉजर्स ऑरेगनमध्ये चार दिवस मिट्ट काळोखात एकटा राहिला. मार्चमध्ये त्याने जेट्सकडे जायचंय असं जाहीर केलं. फार्व्ह गेला होता, त्याच संघाकडे. ११ सप्टेंबरला जेट्ससाठी पहिल्याच सामन्यात, चौथ्या चालीवर, त्याच्या टाचेची शीर तुटली आणि हंगाम संपला. लमारला जे कागदावर लिहून हवं होतं, ते कशासाठी, हे त्या चार चालींत दिसलं.

खेळाडूच्या हातात मग उरतं काय? घरी बसणं महाग पडतं. २०२० च्या सामूहिक करारानुसार पहिला करार संपलेल्या खेळाडूने सराव शिबिराला दांडी मारली तर दिवसाला ५० हजार डॉलर दंड, आणि तो माफ करण्याची मुभाही संघाला नाही. कार्सन पामरने २०११ मध्ये सिनसिनाटीसाठी खेळणार नाही म्हणून निवृत्ती घेतली. मालक हटून बसले. ऑक्टोबरमध्ये ओकलंडने दोन वरच्या फेऱ्यांच्या निवडी देऊ केल्या तेव्हा कुठे सुटला. १९८३ मध्ये जॉन एल्वेने बाल्टिमोरच्या तेव्हाच्या संघासाठी, कोल्ट्ससाठी, खेळण्यापेक्षा बेसबॉल खेळेन असं बजावलं आणि आठवडाभरात डेन्व्हर गाठलं. बाल्टिमोरची ही जखम जुनी आहे. क्वार्टरबॅक गेला आणि पुढच्या वर्षी रात्रीतून ट्रक भरून अख्खा संघच इंडियानापोलिसला निघून गेला. कर्क कझिन्सने वेगळी युक्ती केली. वॉशिंग्टनने दोनदा टॅग लावला, तो दोन्ही वेळा मुकाट्याने खेळला, चार कोटींहून जास्त कमावले आणि २०१८ मध्ये मोकळा होऊन मिनेसोटाकडून तीन वर्षांचे ८.४ कोटी पूर्ण हमीवर घेतले. टॅगच्या जोखडाचा त्याने असा फायदा करून घेतला.

सध्याचा रिवाज याहून साधा आहे. शिबिराला हजेरी लावायची, म्हणजे दंड नाही, पण करार होईपर्यंत सरावात उतरायचं नाही. मैदानाच्या कडेला उभं राहायचं. जुलै २०२४ मध्ये ग्रीन बेच्या शिबिरात एक क्वार्टरबॅक असाच कडेला उभा होता. काही दिवसांत त्याच्याशी चार वर्षांचा २२ कोटींचा करार झाला, वर्षाला साडेपाच कोटी. तो होता जॉर्डन लव्ह.